हार्ड डिस्क ‘दिसत नाही’ म्हणजे नेमके काय झाले?

जानेवारी २००९. सीगेट कंपनीच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेतल्या हार्ड डिस्क ठिकठिकाणी एकामागून एक बेपत्ता होऊ लागल्या. रात्री व्यवस्थित बंद केलेला कॉम्प्युटर सकाळी सुरू करावा, तर आत डिस्क बसवलेली आहे याचाच त्याला पत्ता नसे. काही मशीनना डिस्क सापडे, पण तिची क्षमता शून्य दिसे. डिस्कला धक्का लागलेला नव्हता, ती पडलेली नव्हती. तपासाअंती दोष सापडला तो फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या सर्किटवर कायम राहणाऱ्या आणि डिस्क चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. त्याच्या अंतर्गत नोंदी एका ठरावीक संख्येला पोहोचलेल्या असताना मशीन सुरू झाले, की तो प्रोग्रॅम अडकून पडे. तबकड्यांवरचा डेटा मात्र होता तसाच होता. सीगेटने दुरुस्त फर्मवेअर दिले आणि या दोषात अडकलेला डेटा विनामूल्य काढून देण्याची तयारीही दाखवली.

या घटनेतून घेण्यासारखी गोष्ट आजही तितकीच खरी आहे. डिस्क दिसेनाशी होणे आणि डिस्कवरचा मजकूर नाहीसा होणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली घडली की लोक दुसरीही घडली असे धरून चालतात, आणि त्या घबराटीत उचललेल्या पावलांमुळेच पुष्कळदा दुसरी खरोखर घडते.

काम करता करता मशीन हँग होते, निळा पडदा येतो आणि पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी ओळ उमटते. ढिली केबल, थकलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचे खोके), मदरबोर्डवरचा संपलेला सेल, बिघडलेले अपडेट, खराब रॅम आणि खरोखर निकामी झालेली डिस्क, या सगळ्यांचे बाहेरून दिसणारे लक्षण हे असेच असते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी डेटाचा विचार, मग निदान, आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी.

सुरुवातीला स्वतःला एकच प्रश्न विचारावा. या डिस्कवर दुसरीकडे कुठेही नसलेले काही आहे का? प्रबंधाचा मसुदा, लग्नाचे फोटो, दुकानाचे टॅलीतले हिशेब एवढ्या एकाच ठिकाणी असतील, तर पुढचे प्रत्येक पाऊल जपून टाकायचे. मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करायचे नाही. ‘एकदा फॉरमॅट मारून बघा’ हा सल्ला ऐकायचा नाही. विंडोजने ‘डिस्क इनिशियलाइझ करायची का?’ किंवा ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असे विचारले, तर नकार द्यायचा. डेटाची प्रत दुसरीकडे सुरक्षित असेल, तर मात्र मोकळेपणाने सगळे प्रयोग करता येतात.

बायॉसला डिस्क दिसते का?

निदानाची सुरुवात विंडोजपासून करण्यात अर्थ नाही. बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक प्रोग्रॅम चालतो. जुन्या मशीनमध्ये तो बायॉस असतो, अलीकडच्या मशीनमध्ये यूईएफआय. बोलताना दोघांनाही बायॉसच म्हणतात. रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत की नाहीत, हे तोच तपासतो. मशीन सुरू होताच ठरावीक बटण दाबत राहिले की त्याचा पडदा उघडतो. डेस्कटॉपवर हे बटण बहुधा डिलीट किंवा एफ-२ असते, डेल, एसर आणि असूसच्या लॅपटॉपवर सहसा एफ-२, तर एचपीच्या लॅपटॉपवर एफ-१०.

तिथे डिस्कचे मॉडेल आणि क्षमता नीट दिसत असेल, तर तिला वीज मिळते आहे, केबल ठीक आहे आणि तिचे सर्किट निदान उत्तर देण्याच्या स्थितीत आहे. मग दोष बूटच्या सेटिंगमध्ये, विंडोजमध्ये किंवा तबकडीच्या एखाद्या भागात असण्याचा संभव जास्त. नाव दिसतच नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून काही साधणार नाही, कारण मदरबोर्डलाच न सापडलेली डिस्क विंडोजला सापडणे शक्य नाही. अशा वेळी वीज, केबल, पोर्ट आणि स्वतः डिस्क यांच्याकडे वळावे लागते.

तिसरी शक्यता फसवी आहे. डिस्क कधी दिसते, कधी नाही. कधी मॉडेलच्या नावात भलतीच अक्षरे येतात, कधी १ टीबीच्या डिस्कची क्षमता काहीच्या बाही दिसते. हे सगळे सावधगिरीचे इशारे आहेत. पुढच्या वेळी ती दिसली, की विंडोज दुरुस्त करण्यात वेळ न घालवता डेटा त्याच वेळी बाहेर काढावा.

पाहताना एक चूक टाळावी. एनव्हीएमई या जोडणीचा एसएसडी बायॉसमध्ये सॅटा या दुसऱ्या जोडणीच्या यादीत दिसत नाही, त्याचे वेगळे पान असते. सॅटाच्या यादीत नाव नाही म्हणून एसएसडी गेला, असे ठरवू नये.

आधी तारा, मग डिस्क

डेस्कटॉपमधल्या सॅटा डिस्कला दोन जोडण्या असतात, डेटाची सात पिनांची अरुंद केबल आणि एसएमपीएसकडून येणारी पंधरा पिनांची पॉवर केबल. दोन्ही नुसत्या खोचलेल्या असतात. पत्र्याची क्लिप नसलेली जुनी डेटा केबल कॅबिनेट हलवताना, साफसफाई करताना किंवा पंख्याच्या सततच्या थरथरीने सहज ढिली पडते. कोकण, मुंबई, गोवा अशा किनारपट्टीच्या भागात पावसाळ्यातली दमट, खारी हवा धातूच्या संपर्कांवर थर चढवते. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली की डिस्क दिसू लागते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

तपासण्याची पद्धत अशी. मशीन बंद करून भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि वायर काढावी. पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. मग दोन्ही केबल काढून पुन्हा बसवाव्यात. तरीही डिस्क दिसली नाही, तर आधी डेटा केबल बदलावी, मग मदरबोर्डवरचा पोर्ट बदलावा, मग एसएमपीएसची दुसरी पॉवर केबल लावून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी बायॉसमध्ये जाऊन बघायचे. तिन्ही एकदम बदलून डिस्क चालू झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि महिन्याभराने तीच अडचण पुन्हा समोर येते.

पोर्ट बदलणे ही नुसती औपचारिकता नाही. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने जाहीर केले, की सँडी ब्रिज प्रोसेसरसोबत बाजारात आलेल्या ६-सीरिज चिपसेटमध्ये रचनेचा दोष आहे. या चिपसेटवरचे ३ गिगाबिट वेगाचे सॅटा पोर्ट काळ जाईल तसे कमकुवत होण्याची शक्यता होती, पण ६ गिगाबिटचे दोन पोर्ट निर्दोष होते. डिस्क उत्तम आणि केबल नवी असूनही तक्रार येऊ शकत होती, आणि तीच डिस्क शेजारच्या पोर्टवर विनातक्रार चालत होती. बदली आणि दुरुस्तीसाठी इंटेलने तेव्हा ७० कोटी डॉलर खर्चाचा अंदाज दिला होता.

नवा एम.२ एसएसडी बसवल्यावर जुनी डिस्क गायब झाली असेल, तर घाबरायचे कारण नाही. अनेक मदरबोर्डवर एम.२ स्लॉट आणि एक-दोन सॅटा पोर्ट एकाच वाहिनीवर असतात. स्लॉट वापरात आला की ते पोर्ट आपोआप बंद होतात. कोणते पोर्ट बंद होतात, हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. दुसऱ्या पोर्टला केबल लावली की काम होते. एम.२ आकाराचे एसएसडीही दोन जातींचे असतात, सॅटा आणि एनव्हीएमई. काही स्लॉटना यातली एकच जात चालते, त्यामुळे कोराकरकरीत एसएसडी नीट बसूनही न दिसण्याचा प्रकार घडतो. खरेदीपूर्वी ती पुस्तिका पाहिली, तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजाराची दुसरी खेप वाचते.

आता वीज. साडेतीन इंची हार्ड डिस्कची मोटर १२ व्होल्टवर आणि सर्किट ५ व्होल्टवर चालते. एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टच्या तारेवरचा दाब ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान हवा. थांबलेली तबकडी फिरवायला डिस्क सर्वांत जास्त करंट घेते, त्यामुळे थकलेल्या एसएमपीएसचे दुखणे नेमके त्या क्षणी उघडे पडते. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्क वेग घेत नाही. गेम सुरू करताच किंवा नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून मशीन रिस्टार्ट होत असेल आणि त्याच सुमारास डिस्कही दिसेनाशी होत असेल, तर डिस्कवर आळ घेण्याआधी दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहावा. मात्र एसएमपीएसचे खोके घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतका विद्युतभार राहू शकतो.

पोर्टेबल हार्ड डिस्कची गोष्ट थोडी वेगळी. अडीच इंची डिस्क यूएसबीतून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर चालते. यूएसबी २.० पोर्ट मानकाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, लांब वायरीला किंवा हबला जोडलेल्या डिस्कला हा पुरवठा अपुरा पडू शकतो. डिस्क थेट मागच्या पोर्टला आणि आखूड केबलने जोडून पाहिल्याशिवाय ती नादुरुस्त ठरवू नये.

आवाज काय सांगतो?

तारांमध्ये दोष नसेल, तर कान देऊन ऐकावे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते आणि वाचणारे हेड तिच्यापासून अवघे काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड असतो. हेड तबकडीला टेकले, तर नुकसान पुसून काढता येत नाही.

सुरू होताना हलकी घरघर आणि मग शांतपणा, हे निरोगी डिस्कचे लक्षण. ठरावीक अंतराने ‘टक... टक... टक’ असा आवाज येत असेल, तर हेडला तबकडीवरच्या खुणा वाचता येत नाहीत आणि ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आहे, असे समजावे. बारीक बीप किंवा गुणगुण बहुधा मोटर फिरू शकत नसल्याचे चिन्ह असते. डेटा मोलाचा असेल, तर हे आवाज ऐकताच वीज बंद करावी. अशा डिस्कवर प्रत्येक नव्या प्रयत्नात तबकडीवर ओरखडे पडण्याची भीती असते.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. तो करू नये. थंड डिस्क बाहेरच्या हवेत येताच आत दव धरते, आणि दवाच्या थेंबांवरून हेड फिरले तर तबकडी खराब होते. तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट काढून बसवण्याची युक्तीही आता सहसा चालत नाही, कारण आजच्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कच्या हेडसाठीच मोजलेली मूल्ये साठवलेली असतात. डिस्कचे झाकण तर घरी उघडूच नये. ते काम धूळविरहित खोलीतच होते.

एसएसडीत फिरणारे काही नसते, त्यामुळे तो बिघडताना आवाज करत नाही. आज चालतो, उद्या बायॉसमध्ये दिसत नाही, असे घडू शकते.

डिस्क दिसते, पण विंडोज येत नाही

इथले पहिले काम सोपे आहे. मशीनला लावलेले सगळे पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढावेत आणि बायॉसमध्ये बूटच्या क्रमात विंडोज असलेली डिस्क वर आहे का, ते पाहावे.

मग घड्याळ पाहावे. बायॉसमधली तारीख काही वर्षे मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर-२०३२ जातीचा ३ व्होल्टचा सेल संपला आहे. सेल संपला की बायॉसची सेटिंग मूळ पदावर जातात. त्यात डिस्कचा मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर किंवा उलट गेला, की विंडोज निळा पडदा दाखवून ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे म्हणते. डिस्क धडधाकट असते, पण तिच्याशी बोलण्याची पद्धत बदललेली असते. सेल बदलून मोड पूर्वीसारखा केला, की मशीन सुरू होते. मोड आधी कोणता होता हे आठवत नसेल, तर एक बदलून पाहावा आणि निळा पडदा आला तर परत फिरवावा.

नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना ‘एकही डिस्क सापडली नाही’ असे दिसते, त्याचेही असेच कारण असते. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असतो आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसू शकतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ या पर्यायातून दिला, की डिस्क लगेच दिसते. हे ठाऊक नसल्यामुळे नवा एसएसडी बिघडलेला समजून परत करायला निघालेले ग्राहक दुकानदारांना नेहमी भेटतात.

डिस्कचा काडीमात्र दोष नसताना मशीन कोसळण्याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४चे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर नेऊन ठेवली. भारतासह अनेक देशांत विमानतळांवरचे कामकाज विस्कळीत झाले. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकण्याचा. पण जिथे डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद होती, तिथे ४८ अंकी रिकव्हरी की दिल्याशिवाय ती फाइल हाताला लागेना.

ही की घरगुती वापरकर्त्यांशीही निगडित आहे. विंडोज ११च्या अनेक मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बायॉसमध्ये फेरफार केल्यावर किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला जोडल्यावर ही की मागितली जाते. ती सहसा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मशीन चालू आहे तोवरच ती कागदावर उतरवून ठेवावी.

मशीन मध्येच कोसळते तेव्हा

डिस्क दिसते, विंडोज चालते, पण अधूनमधून क्रॅश होते, अशा मशीनचा तपास सर्वांत किचकट. इथे नोंदी कामाला येतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ या विभागात क्रॅशच्या वेळेच्या आसपास पाहावे. ‘डिस्क’ या स्रोताचा क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक, ११ म्हणजे नियंत्रकाकडून आलेली चूक, १५३ म्हणजे डिस्कशी केलेला व्यवहार पुन्हा करावा लागला. १२९ म्हणजे डिस्कने उत्तर न दिल्याने तिला रिसेट करावे लागले. ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढेच सांगतो, की मशीन रीतसर बंद झाले नव्हते. त्यावरून कारण कळत नाही.

दुसरी नोंद डिस्क स्वतः ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. हार्ड डिस्कसाठी त्यातल्या मोजक्या ओळी पुरतात. ‘रिअॅलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्यावर असावेत. ते वाढत असतील, तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत चालला आहे. ‘सीआरसी एरर’ वाढत असेल, तर संशय केबलवर घ्यावा, कारण ही चूक डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात होते. केबल बदलल्यावर हा आकडा खाली येत नाही, पण वाढायचा थांबतो.

स्मार्टवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न आढळलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. पण बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख मोजमापांपैकी एकातही काही दाखवले नव्हते. स्मार्टने धोका दाखवला तर तो खरा मानावा. ‘गुड’ दाखवले म्हणून बॅकअप पुढे ढकलू नये.

ठरावीक अंतराने होणारा क्रॅश फर्मवेअरकडे बोट दाखवतो. क्रुशियलच्या एम-४ एसएसडीमध्ये २०११च्या अखेरीस असाच दोष दिसला. एकूण ५,१८४ तास चालल्यावर एसएसडी अचानक उत्तर देणे थांबवी आणि मशीन कोसळे. बंद करून चालू केल्यावर सगळे ठीक होई, आणि तासाभराने पुन्हा तेच. जानेवारी २०१२मध्ये कंपनीने दुरुस्त फर्मवेअर दिले आणि त्रास थांबला. २०२४च्या शरद ऋतूत विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन-७७० आणि एसएन-५८० या एसएसडींच्या काही मॉडेलवर निळे पडदे येऊ लागले. तिथेही नवे फर्मवेअर हाच उपाय ठरला. एसएसडीच्या कंपनीच्या साइटवर मॉडेलचे नाव टाकून अपडेट आहे का ते पाहावे. आधी बॅकअप घ्यावा, मगच अपडेट चढवावे.

प्रत्येक क्रॅशचे खापर अपडेटवर फोडणेही बरोबर नाही. ऑगस्ट २०२५मध्ये विंडोज ११च्या एका अपडेटनंतर मोठ्या फाइल लिहिताना एसएसडी गायब होतात, अशा तक्रारी जपानमधून सुरू झाल्या आणि सगळीकडे पसरल्या. कंट्रोलर बनवणाऱ्या फायसन कंपनीने ४,५०० तासांहून अधिक चाचण्या घेतल्या, तरी तो बिघाड पुन्हा घडवून आणता आला नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटशी संबंध आढळला नाही. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, एवढ्याने पहिलीमुळे दुसरी झाली हे सिद्ध होत नाही.

रॅम तपासायची राहून जाते, आणि तीच पुष्कळदा गुन्हेगार निघते. सदोष रॅममधून डिस्कवर चुकीचा मजकूर लिहिला जातो, फाइल बिघडतात आणि दोष डिस्कचा वाटतो. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. एकही चूक दाखवली गेली, तर एका वेळी एकच रॅम ठेवून कोणती सदोष आहे ते शोधावे.

डेटा बाहेर काढताना

डिस्क अजून दिसते आहे पण तिच्यावर भरवसा उरलेला नाही, अशा वेळी तिच्यावरून विंडोज चालवू नये. विंडोज सतत काही ना काही लिहीत असते. उबुंटू किंवा लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून मशीन सुरू करावे आणि महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. सर्वांत मोलाच्या आणि आकाराने लहान फाइल आधी घ्याव्यात, चित्रपट आणि गेम शेवटी.

खराब सेक्टर असलेल्या डिस्कसाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे लिनक्सवरचे मोफत साधन उत्तम. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवते आणि अवघड भागाकडे शेवटी वळते. त्यातून तयार झालेल्या प्रतीवरच पुढची दुरुस्ती करावी. मूळ डिस्कवर चेकडिस्क चालवण्याची घाई नको. चेकडिस्कचे काम फाइलची रचना सुसंगत करणे आहे, डेटा वाचवणे नव्हे. मरू घातलेल्या डिस्कवर ते तासन्‌तास चालते आणि फाइलचे तुकडे मागे ठेवते.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये विभागासमोर ‘रॉ’ असे दिसले, तर पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली आहे, पाने अजून जागेवर आहेत, असे समजावे. टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्रॅम ती रचना पुन्हा उभी करू शकतो. ते न जमल्यास त्याचाच जोडीदार फोटोरेक फाइल एकेक करून शोधतो, पण त्यांची मूळ नावे परत मिळत नाहीत. एसएसडीवरून पुसलेल्या फाइलबाबत मात्र आशा कमी असते. ट्रिम या सोयीमुळे पुसलेली जागा एसएसडी लवकरच आतून रिकामी करतो.

डिस्क टकटक करत असेल किंवा बायॉसला अजिबात दिसत नसेल आणि डेटा अमूल्य असेल, तर थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे जावे. डिस्क उघडण्याआधी लेखी अंदाज मागावा आणि डेटा न मिळाल्यास किती पैसे आकारले जातील, ते विचारून घ्यावे. आधी तीन ठिकाणी उघडून पाहिलेली डिस्क शेवटी प्रयोगशाळेत आली, तर तिथल्या कुशल माणसाच्या हातीही फारसे काही उरत नाही.

बॅकअप आणि दुकानातली भेट

बॅकअपचा सर्वमान्य नियम तीन-दोन-एक असा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. त्यात एक भर घालावी. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या घेऊ नयेत. नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीई कंपनीने आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला. फर्मवेअरच्या दोषामुळे ते बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, डेटासह कायमचे बंद पडणार होते. एकाच दिवशी सुरू केलेले एसएसडी एकाच तासाला जाणार असतील, तर एकावरची प्रत दुसऱ्यावर ठेवूनही काही वाचत नाही. वेळीच फर्मवेअर बदलणाऱ्यांचे एसएसडी वाचले.

दर वर्षी ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो. आपल्याकडे हिशेबाचे वर्षही त्याच दिवशी संपते. दुकानदारांनी आणि छोट्या व्यावसायिकांनी त्या दिवशी वर्षाच्या हिशेबाची प्रत घ्यावी, दुसऱ्या मशीनवर ती उघडून पाहावी आणि मगच ती झाली असे मानावे.

एवढे सगळे करूनही मशीन दुकानात न्यावे लागले, तर सोबत एक कागद न्यावा. डिस्कचे मॉडेल आणि सीरियल नंबर, बायॉसमध्ये ती दिसते की नाही, कोणता आवाज येतो, पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्रास कधीपासून आहे आणि आतापर्यंत काय काय बदलून पाहिले, हे त्यावर असावे. डेटा हवा असेल, तर ‘परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, पण बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत डेटाची जबाबदारी धरलेली नसते, आणि जुनी डिस्क सहसा ग्राहकाकडे परत येत नाही. म्हणून डेटा काढायचा असेल, तर वॉरंटीचा अर्ज भरण्याआधीच तो काढून घ्यावा, आणि चालू स्थितीतली डिस्क परत द्यायची असेल, तर ती पूर्ण पुसूनच द्यावी.